स्लाऊहून आणलेला कॅमेरा

३ मार्च, रविवार

डाइव्ह क्र. १२. खाणीचं तळं. पाणी सहा अंश. उरलेली हवा: मी ५०, वैदेही ११५.

तेविसाव्या मिनिटाला मीच अंगठा वर केला. पाण्यात अंगठा म्हणजे शाब्बास नव्हे, ‘वर चल’. जोडीत ज्याची हवा आधी संपते त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने मुकाट वर यायचं, हा नियम. वैदेही मुकाट आली. बाराही वेळा मुकाट आली आहे.

काठावर म्हणाली, “अरे इट्स फाइन, प्रसाद. मजा आली.” हे इट्स फाइन तिने वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवावं. दिवसभर लोकांना भूल देऊन त्यांचे श्वास सांभाळणारी बाई, ती स्वतःचे कशाला वाया घालवेल? मी कौन्सिलच्या आयटीतला. आमचे श्वास मीटिंगांतच संपतात.

आमचा ओम युनिव्हर्सिटीत मँचेस्टरला गेला, घर रिकामं झालं, तेव्हा ‘दोघांनी मिळून काहीतरी करू या’ ही आयडिया माझीच होती. हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

४ मार्च, सोमवार

क्लबच्या ग्रुपवर कालचे फोटो. अर्थात नीलचे. तळ्यात बुडवून ठेवलेली जुनी बस आहे, तिच्या खिडकीपाशी वैदेही. केस वर तरंगतायत, मान किंचित वळवलेली, उजवा हात पुढे, बोटांची ऐटबाज मुद्रा. भरतनाट्यमच्या क्लासला आठवीत राम राम ठोकलेली बाई पाण्याखाली मुद्रा करते! आणि ती नीलसाठी करते.

त्रेचाळीस बदाम. मग तिने स्वतःच तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तिथे आणखी. साळवीकाकूंनी लिहिलं, ‘जलपरी!’ आणि खाली, ‘प्रसाद कुठे आहेत?’

मी वर यायला निघालो होतो काकू.

७ मार्च, गुरुवार

क्लबची स्विमिंग पूलवरची प्रॅक्टिस. नीलबद्दल एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. वय चौतीस. डेंटिस्ट. जन्म इथला, वेकफिल्डचा. आईवडील साताऱ्याकडचे. दोनशेच्या वर डाइव्ह. आम्ही क्लबमध्ये आलो तेव्हा ‘ओह, तुम्ही मराठी!’ म्हणून नाचला होता.

मला ‘काका’ म्हणतो. तिला ‘वैदेही’. मी सत्तेचाळीस, ती पंचेचाळीस. दोन वर्षांत नातं कसं बदलतं ते त्याच्या आईला विचारायला हवं.

आज म्हणाला, “वैदेही, तुझी फोटो खूप सुंदर आला.” तिने हसत हसत दुरुस्त केलं. त्याने मुद्दाम पुन्हा चुकवलं. पुन्हा हसली. माझं मराठी पहिल्यापासून शुद्ध आहे, त्याचं कुणाला काय?

मुद्द्याचं: ऑक्टोबरात लाल समुद्राची ट्रिप. आठ जागा, चार जोड्या, आठवडाभर त्याच. केन यादी करतोय. केन म्हणजे क्लबचा डाइव्हिंग ऑफिसर, एकोणसत्तरीचा रिटायर्ड प्लंबर, त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. तो म्हणाला, जोड्या हवेच्या हिशोबाने लावू, म्हणजे कुणाला लवकर वर यावं लागणार नाही. वैदेही आणि नील. मी आणि केन. केनलाही हवा फार लागते.

एप्रिलअखेर नावं द्यायची. वैदेही काय म्हणाली? “बघू.” नाही म्हणाली नाही.

१० मार्च, रविवार

जळतोय. लिहून टाकलं. नीलवर जळतोय हे सोपं आहे, ते कुणीही समजून घेईल. पण मी वैदेहीवरसुद्धा जळतो. पाण्यात ती शांत असते. मी बेंबीच्या देठापासून श्वास घेत हातपाय मारत असतो, आणि ती कपाटातून साडी काढावी तशी सावकाश वळते. पोहायला तिला मी शिकवलं होतं. लग्नानंतर, टिळक टँकवर.

उपाय सुचलाय. कॅमेरा. कॅमेरावाला एका जागी स्थिर राहतो, म्हणजे हवा कमी लागते. शिवाय कॅमेरा असला की वैदेहीला माझ्याजवळ थांबण्याचं कारण मिळेल. नवा घेण्याची ऐपत नाही असं नाही, पण नवशिक्याने जुनाच घ्यावा.

१२ मार्च, मंगळवार

केनला फोन केला. त्याचं उत्तर त्याच्याच भाषेत: “हाऊ मेनी डाइव्ह्ज, लॅड? ट्वेल्व्ह? कम बॅक ॲट फिफ्टी.” पन्नास होईपर्यंत हात रिकामे ठेवायचे. एक हात हवेच्या काट्यासाठी, एक बडीसाठी, म्हणजे जोडीदारासाठी. कॅमेरा हातात आला की माणूस स्वतःची हवा विसरतो, खोली विसरतो आणि जोडीदार तर सर्वांत आधी विसरतो, म्हणे.

म्हाताऱ्यांना सगळ्या गोष्टी पन्नाशीनंतरच का हव्या असतात?

१४ मार्च, गुरुवार

केनच्या पोटात काही राहत नाही. नील पूलवर लगेच हजर. “काका, तुला कॅमेरा पाहिजे? मी नवीन घेतो आहे, माझी जुना तू घे. दर वर्षी सर्व्हिस केला आहे. स्पेअर ओ-रिंग्ज देतो, ग्रीस देतो, आणि मी शिकवते तुला.” आकडाही असा सांगितला की फुकटच.

ज्या कॅमेऱ्याने त्याने माझ्या बायकोचे फोटो काढले तोच मी गळ्यात घालून फिरू? उष्टा? “थँक्स, मी नवीन बघतोय,” म्हणालो. धादांत खोटं.

गाडीत वै. म्हणाली, “घ्यायचा असेल तर त्याचाच घे ना. माहितीतला आहे.” मी म्हटलं, “नको.” “का नको?” “नको म्हणजे नको.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. लीड्सच्या रिंगरोडवर बघण्यासारखं काय आहे?

२० मार्च, बुधवार

मिळाला. स्लाऊमध्ये. ‘व्हेरी लाइटली यूज्ड.’ मॉडेल तेच, नीलचंच. ते मुद्दाम नाही, त्या किमतीत तेच चांगलं आहे. वै.ला सांगितलं, शुक्रवारी ऑफिसची मीटिंग आहे लंडनकडे.

२२ मार्च, शुक्रवार

जाऊन-येऊन साडेआठ तास. एमवन हायवेवर दोनदा अडकलो. नीलचं घर आमच्यापासून बारा मिनिटांवर आहे.

विकणारी पन्नाशीची पंजाबी बाई. घरभर खोकी, घर बदलत होती. कॅमेरा नवऱ्याचा, तो आता तिथे राहत नाही. चार वर्षं कपाटात होता. मी शहाण्यासारखं विचारलं, ओ-रिंग कधी बदलली? म्हणाली, ते काय असतं? दोघं मिळून डाइव्हिंगला जायची म्हणे. “वो मछली देखता था, मैं उसकी पीठ देखती थी. पीठ तो घर पे भी दिखती थी.” मी हसलो. तिने चहा दिला, वर डब्यात दोन पराठे घालून दिले. येताना सर्व्हिस स्टेशनवर खाल्ले, फार चांगले होते.

कॅमेरा गराजमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यात लपवला. पाडव्याला दाखवणार. मुहूर्ताची खरेदी.

३१ मार्च, रविवार

वै. ऑन कॉल. घर माझं. परीक्षा घेतली.

कॅमेऱ्याभोवतीच्या पारदर्शक डब्याला हाउसिंग म्हणतात. त्याच्या झाकणाभोवती रबरी रिंग बसते, प्रेशर कुकरची असते तशीच, पण शेवईएवढी बारीक. सगळी भिस्त तिच्यावर. कोरडी ठणठणीत झाली होती. तिला सिलिकोनचं ग्रीस लावायचं असतं. ते माझ्याकडे नाही. ऑनलाइन मागवायचं तर मध्ये बँक हॉलिडे, आणि नीलकडे मागायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार.

आईला आठवलं. शिवणयंत्र, बिजागरी, कानातला मळ, केस, भाजलेलं, सोललेलं, सगळ्याला एकच औषध. खोबरेल तेल. बाटली नेहमीसारखी गोठलेली होती, रेडिएटरवर ठेवून पातळ केली. रिंगेला बोटाने छान माखलं. चकचकीत झाली.

मग कॅमेरा न घालता डब्यात टिश्यू पेपर ठेवला, झाकण लावलं, बाथटब भरला, डबा बुडवून वर वैदेहीचा डाइव्हिंगचा वजनाचा पट्टा ठेवला. अर्धा तास. टिश्यू कोरडा! एक थेंब नाही. मग तेच गरम पाणी कशाला वाया घालवायचं म्हणून आंघोळ उरकली. नील दर वर्षी सर्व्हिस करतो म्हणे.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

गुढी मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या खांबाला. वारा इतका की तांब्या दोनदा खाली आला. श्रीखंड वै.ने केलं, पुऱ्या मी. ओमला व्हिडिओवर दाखवलं. मग पाटावर कॅमेरा ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि तिला हाक मारली.

बघताक्षणी चेहरा खुलला. “नीलचा घेतलास!”

“नाही. स्लाऊहून आणलाय.”

“स्लाऊहून? कधी?” मग तिचं तिलाच कळलं. “मीटिंग होती ना त्या दिवशी?”

ती माझ्या कुंकवाच्या बोटांकडे बघत होती. “प्रसाद, मला फोटो नकोयत रे. माझे फोटो आहेत.”

हे दुसरं वाक्य तिने बोलायला नको होतं. म्हणजे असं की, तुझी गरज नाही, ती जागा भरलीय. मी म्हटलं, “आहेतच. त्रेचाळीस बदामांचे.” श्रीखंड तसंच राहिलं. सणासुदीचं माझं तोंड. माझंच चुकलं, पण आज नाही सांगणार.

१३ एप्रिल, शनिवार

डाइव्ह क्र. १३. पाणी आठ अंश. हवा: मी ४०. वैदेहीची विचारली नाही.

क्रमाने लिहितो. डबा घरी स्वयंपाकघरातच बंद करून नेला होता, वरून पुन्हा दोन थेंब तेल. खाली आठ मीटरवर बसपाशी थांबलो. फोटो काढत होतो, आणि खरंच स्थिर होतो. हवा कमी लागत होती! काट्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, केनसाहेब, या आता. वै. समोर होती. क्लिक. क्लिक. मग एक मासा आला, त्याच्या मागे थोडासा गेलो.

मग डब्यात आत एक बुडबुडा दिसला. मग पाण्याची रेघ. कोपऱ्यात पाणी साचायला लागलं तसा डबा उलटा केला, सुलटा केला, झाकण दाबून धरलं. मान वर केली तर वैदेही नाही.

नियम शाळेतल्या पोरालाही पाठ असेल: एक मिनिट गोल फिरून शोधायचं, नाही सापडली तर वर यायचं. दोघांनी. वर भेटायचं. तो नियम मला झोपेतसुद्धा येतो.

मी वर गेलो नाही. कारण मला पक्कं ठाऊक होतं ती कुठे आहे ते. नील आणि केन आमच्यानंतर उतरणार होते. मला वाटलं, ते आले आणि ती त्यांच्याबरोबर पलीकडे विमानाच्या सांगाड्याकडे गेली. मला सोडून. इतका संताप आला की ऊर धपापायला लागला. पाणी भरलेला कॅमेरा छातीशी धरून त्या हिरव्या गढूळ पाण्यात मी नवराबायकोचं भांडण मनातल्या मनात लढत होतो, दोन्ही बाजूंनी. विमानापर्यंत गेलो. कुणी नव्हतं.

वर आलो. वैदेही पाण्यावर होती, एकटी, शिट्टी वाजवत. नील काठावर अर्धा ड्रायसूट चढवून, हातात चहाचा मग. तो उतरलाच नव्हता. मी दिसलो तेव्हा तो हातातला मग फेकून पाण्यात शिरत होता, केन त्याच्या मागे सिलिंडर ओढत.

वैदेही म्हणाली, “सहा मिनिटं. मी मोजली.” आवाज अगदी सपाट. ती रोज माणसांच्या श्वासांपाशी बसते. सहा मिनिटं म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मी म्हणालो, “मला वाटलं, तू नीलबरोबर गेलीस.”

सगळ्यांसमोर म्हणालो. नीलने खाली पाहिलं. त्याला तेवढं मराठी येतं.

काठावर त्यानेच डबा उघडला. खारं पाणी नाही, कदाचित कार्ड वाचेल, म्हणाला. मग रिंग बोटावर घेऊन बघत राहिला. रिंगेवर पांढरे कण, मेणासारखे गोठलेले. वास घेतला. “काका, हे काय आहे? माझ्या आजीसारखा वास येते.”

खोबरेल. चौदा वर्षं या देशात दर हिवाळ्यात ती बाटली रेडिएटरवर ठेवतोय, आणि आठ अंशाच्या पाण्यात ते गोठेल, रिंग उचलली जाईल, हे मला सुचलं नाही. परीक्षा घेतली ती ऊन पाण्यात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

केन हसून हसून खोकायला लागला. नील हसला. मीसुद्धा. वैदेही गाडीत जाऊन बसली होती.

१४ एप्रिल, रविवार

बोलत नाही. रागाचं न बोलणं मला परिचयाचं आहे, त्यात भांडी वाजतात. यात भांडी वाजत नाहीत. माझाही ड्रायसूट तिनेच धुऊन उलटा करून वाळत घातला. दुपारी सॉरी म्हणालो. “हं,” म्हणाली.

१६ एप्रिल, मंगळवार

बोलली. जेवताना, पानाकडे बघत.

“मी वर आले तेव्हा वाटलं, येशील आता. मिनिटभरात येशील. मग दुसरं मिनिट. मग मी प्रत्येक मिनिटाला तुझ्या मेंदूत काय होत असेल ते मनात म्हणत होते. मला ते पाठ आहे रे. आणि तू खाली रुसून बसला होतास.”

रुसून. हाच शब्द वापरला.

मी विचारलं, “केनला काय सांगितलंस? जोडीचं?”

“अजून काही नाही. फॉर्मवर माझ्या नावापुढची जागा कोरी ठेवलीय.”

फॉर्म फ्रिजवर चिकटवलेला आहे. दूध काढताना दर वेळी दिसतो.

२१ एप्रिल, रविवार

कार्ड आठवडाभर तांदळाच्या डब्यात होतं. आज लावून पाहिलं. वाचलं. सतरा फोटो. पाच माझ्या अंगठ्याचे, चार गढूळ पाण्याचे. माशाचं शेपूट एक.

सात वैदेहीचे. सगळे हलले आहेत, पण कळतं. पहिल्यात ती माझ्याकडे बघून उजवा हात पुढे करतेय, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल. पाण्यातला हा पहिला धडा. ‘ठीक आहेस?’ समोरच्याने तसाच हात करून उत्तर द्यायचं. दिलंच पाहिजे. दुसऱ्या फोटोतही तोच हात. तिसऱ्यात. चौथ्यात जवळ आलीय. पाचव्यात, सहाव्यात तोच हात. माझ्या दोन्ही हातांत कॅमेरा होता, मी क्लिक करत होतो. सातव्यात ती अंगठा वर करून दाखवतेय. ‘वर चल.’ ती मला न सांगता गेली नव्हती. सांगून, दाखवून, नियमाप्रमाणे गेली, आणि मी तिचा फोटो काढला. त्याच्या पुढचा फोटो माशाच्या शेपटाचा आहे.

मग मार्चमधले नीलचे फोटो काढले. पुन्हा एकदा जळून घ्यावं म्हणून नव्हे, खरंच नव्हे. बसच्या खिडकीतला तो, त्रेचाळीस बदामांचा. मोठा केला. ती ऐटबाज मुद्रा. अंगठा आणि बोट, गोल. बाजूने काढलाय म्हणून ओळखू आलं नव्हतं. ती नीलकडे बघतच नाहीये. मान वळवून फ्रेमबाहेर बघतेय. डाव्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी आहे, अर्धं कापलेलं. मी इतके दिवस ते बसचं समजत होतो. तो माझ्या पायातला फिन आहे. क्लबमध्ये पिवळे फिन माझेच आहेत.

बाकीचे चारही पाहिले. दोन फोटोंत हात आहे. तीन फोटोंत फिन.

२४ एप्रिल, बुधवार

तिला दाखवावं का? काय म्हणून दाखवू? बघ, तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मला ते समजायला नीलचा कॅमेरा लागला? तिला ते माहीतच आहे. माहीत नव्हतं ते मला.

नीलचा मेसेज: ‘काका, माझी जुना कॅमेरा अजून आहे. एक मुलगी विचारते. तुझ्यासाठी ठेवू की देऊ? ग्रीस पण आहे 😀’

चांगला मुलगा आहे. हे लिहिताना हात थोडा जड होतोय, पण आहे. उत्तर दिलं नाही अजून.

२८ एप्रिल, रविवार

केनला फॉर्म उद्या द्यायचा आहे. जागा कोरीच.

सकाळी वै. ओट्याशी कणीक भिजवत होती, मी चहा ठेवला होता. रेडिओवर हवामान. बोलायचं ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती, ती सगळी वकिली वाटायला लागली. मग ती सहज वळली, तेव्हा मी काही न बोलता हात पुढे केला. अंगठा आणि बोट, गोल. ‘ठीक आहेस?’

तिने पाहिलं. नीट पाहिलं, बराच वेळ. मी हात तसाच धरून ठेवला. मागे चहा उतू गेला, तरी धरून ठेवला.

तिचे दोन्ही हात कणकेत होते.